बेस्तरवारची बाग

बीडला आमच्या मोहल्ल्यातल्या एकाही घराला बागेच्या अंगाला खिडकी नव्हती. बाग मोठी, मोहल्ल्याच्या बरोबर मध्ये, आणि तिच्या चारी बाजूंनी घरं. पण सगळी घरं तिच्याकडे पाठ करून बसलेली. बागेच्या कुसाची भिंत, मग अरुंद बोळ, आणि बोळाला लागून आमच्या उंच, कोऱ्या, पांढऱ्या मातीच्या भिंती. दारं, खिडक्या, ओसऱ्या सगळं दुसऱ्या बाजूला, रस्त्याकडे. नवखा माणूस बागेत उभा राहिला तर त्याला वाटावं, या लोकांना झाडांचा राग आहे.

राग झाडांचा नव्हता. बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, दुपारची जेवणं झाल्यापासून दिवेलागणीच्या आधीपर्यंत ती बाग बायकांची असे. दोन्ही मोठ्या फाटकांवर कनाती लागत. माळी मोट हाकून पाट भरून ठेवत आणि बाहेर जाऊन फाटकाकडे पाठ करून बसत. आमच्या बोळासमोर कुसाला एक लहान दार, दिंडी होती, ती म्हातारी माळीण उघडत असे. बायकांवर कुणाची नजर पडू नये म्हणून त्या बाजूला खिडकी पाडायची नाही, असा दस्तूर होता. कुणी म्हणे जुन्या सुभेदाराच्या बेगमेनं तो घालून दिला, कुणी म्हणे त्याच्याही आधीचा. कागद कुणी पाहिला नव्हता. कागद नसतानाही तो पाळला जात होता. मग मी कागद लिहिला.

मी सात वर्षांची असताना आई गेली. वडील सिकंदराबादला रेल्वेत होते. त्यांनी मला तिथल्या मडमांच्या शाळेत ठेवलं. नऊ वर्षांनी माझं लग्न जमवायचं म्हणून त्यांनी मला बीडला काकांच्या घरी आणून सोडलं आणि दुसऱ्या दिवशी ते परत गेले. तेव्हा माझं मराठी पुस्तकातल्यासारखं झालं होतं. मला प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत समोरचे लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असत. म्हणून मी बोलत नसे. काकू आल्यागेल्याला सांगत, ‘मडम हाय आमची. तिला आपलं बोलणं गावंढळ वाटतं.’ तसं मला कधीच वाटलं नव्हतं. पण हेही मी त्यांना सांगितलं नाही.

त्या घरात माझ्याशी माझं उत्तर येईपर्यंत थांबून बोलणारी एकच होती, आत्या. वडिलांची आणि काकांची थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. काकांची जमीन तलवाड्याच्या बाजूला होती, घरात गडीमाणसं होती, आणि अशा घरांत असतो तसा बायकांना गोषा होता. काकू निदान माहेरी जात, लग्नांना जात, हळदीकुंकवाला जात. आत्याला कुठलंच बोलावणं नसे. घरात ती भिंतीच्या कडेनं चाले. बैठकीत पुरुष असले तर स्वयंपाकघरातून माजघरात यायलाही ती मागच्या अंगणातून वळसा घेई. तिच्या पावलांचा आवाज मी घरात कधी ऐकला नाही.

आल्यानंतरच्या पहिल्याच बेस्तरवारी तिनं मला हाताला धरून दिंडीतून आत नेलं.

आत शिरल्याशिरल्या बायकांनी अंगावरच्या शाली आणि बुरखे काढून डाळिंबाच्या झाडांवर टाकले. आमच्यासारख्यांच्या घरच्या होत्या, मुसलमानांच्या घरच्या होत्या, वाण्याच्या दोघी सुना होत्या. चिंचेला झोका होता. पाटाच्या पाण्यात पाय सोडून रांगेनं बायका बसल्या होत्या. शेजारच्या घरातल्या खाला, एका म्हाताऱ्या दारोग्याची बायको, अंगानं भरलेल्या, आत्याच्याच वयाच्या, चिंचेखाली कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

‘क्या जी,’ त्या आत्याला म्हणाल्या, ‘आज बी हारने कू आए क्या?’

‘आधी धाप तर कमी होऊ द्या,’ आत्या म्हणाली. ‘दिंडीपासनं इथवर चालत आलाव तर भाता चाललाय.’

‘भतीजी के सामने इज्जत जाएगी तुमारी.’

‘जाऊ द्या. लई दिवस सांभाळली.’

आत्यानं लुगड्याचा काचा आवळला. वाण्याच्या धाकट्या सुनेनं टाळी वाजवली, आणि त्या दोघी, पंचेचाळिशीच्या दोन बायका, चिंचेपासून हौदापर्यंत पळत सुटल्या.

मला काय बघते आहे ते कळायला वेळ लागला. भिंतीच्या कडेनं चालणारी माझी आत्या डोकं मागे टाकून, कोपरं हलवत, ओल्या मातीवर थपथप पाय आपटत पळत होती. हौदाच्या काठावर तिनं दोन्ही तळवे आपटले आणि वळून खालांची वाट बघत उभी राहिली. खाला अजून अर्ध्यावर होत्या आणि हसून हसून त्यांना पळता येत नव्हतं. हरणारीनं पुढच्या वेळी पेरू आणायचे, असा त्यांचा ठराव होता. खालांनी आजवर किती पेरू आणले असतील, कोण जाणे. आत्या त्यातला एकही खात नसे. वाटून टाकी.

घरी परतताना बोळात ती पुन्हा भिंतीच्या कडेनं चालू लागली.

हे मी चार महिने दर बेस्तरवारी बघितलं. तरीही पुढचं मी केलं. म्हणून मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एके दिवशी काकांनी मला ओसरीवर बोलावलं. ओसरीवर मोहल्ल्यातली पाचसहा कर्ती माणसं बसली होती. खालांचे दारोगाही होते. मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले.

काका म्हणाले, ‘पोरी, एक काम हाय. आमाला बागेकडं खिडक्या पायजेत. ते वारं बागेवरनं येतं, आमच्या भिंतीवर डोकं आपटतं आणि माघारी जातं. उन्हाळ्यात वर माडीवर बसवत न्हाई. आमी दोनदा उर्दूत दरखास्त दिली. कचेरीत दस्तूर सांगत्यात आणि वापस करत्यात. आता हैद्राबादेवरनं नवे साहेब आलेत. विलायतेत शिकलेले. इंग्रजी वाचलं की खूश होत्यात म्हणं.’

एक जण म्हणाला, ‘वकील करायचं म्हणत होतो. पर तुमच्या घरातच मडम हाय म्हणल्यावर, कावून करायचा?’

सगळे हसले. मीही मान खाली घालून हसले. त्या घरात पहिल्यांदाच माझं काहीतरी काम पडलं होतं.

आणि खिडक्या मला हव्याच होत्या. माझ्या शाळेला प्रत्येक खोलीत मोठाल्या खिडक्या होत्या. उजेड आणि हवा यांवर मडम आम्हांला दर आठवड्याला एक तास देत. अंधाऱ्या खोल्यांतून खोकला, क्षय, डोळ्यांचे विकार कसे होतात ते फळ्यावर लिहीत. काकांच्या घरातलं माजघर भर दुपारी दिव्याशिवाय दिसत नसे. मला वाटलं, या लोकांना पहिल्यांदाच काही शहाणपणाचं सुचलं आहे. मी दोन दिवस बसून तीन खर्डे केले. काकांनी सांगितलेली वाऱ्याची आणि शोभेची कारणं मला कच्ची वाटली. मी माझं कारण घातलं. या घरांतल्या बायका गोषात राहतात, त्यांचे दिवस अंधारात जातात, त्यांच्या प्रकृतीला त्यानं अपाय होतो. खिडक्या झाल्या तर त्यांना घरबसल्या उजेड, मोकळी हवा आणि बागेचं दर्शन मिळेल. ते वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

काकांना मी सगळं मराठीत सांगितलं. ते म्हणाले, ‘बायकांचं कावून घातलं मधी?’

‘साहेबांना पटेल.’

 काका मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘लई हुशार हाय ही. भाऊचा पैसा वाया न्हाई गेला.’

रात्रीचं निवडण करताना आत्यानं विचारलं, ‘काय लिवून घेतलं गं तुझ्याकडनं?’

‘खिडक्यांचा अर्ज. तुला घरातून बाग दिसेल.’

‘मला काय करायची घरातनं? मी बेस्तरवारी जाती की.’

मी हसले. आम्ही पाटीवर काही चुकीचं लिहिलं की शाळेतल्या मडम जशा हसत, तसं. ते हसणं मला आठवतं आणि आजही मला माझं तोंड धरून भिंतीवर आपटावंसं वाटतं. तिनं मला सगळं सांगितलं होतं, एका वाक्यात. मी ऐकलं नाही, कारण माझं वाक्य माझ्याजवळ तयार होतं.

हुकूम पावसाळा सरता सरता आला. उर्दूतला कचेरीत वाचून झाला होता. साहेबांनी कौतुकानं इंग्रजी प्रतही जोडली होती, ती काकांनी वाचायला माझ्याकडे आणली. साहेबांना अर्जाची भाषा फार आवडली होती. खिडक्या मंजूर होत्या. त्यापुढे लिहिलं होतं की अर्जदारांनी दाखवल्याप्रमाणे घरांतल्या स्त्रियांना आता घरबसल्या उजेड, हवा आणि बागेचं दर्शन मिळणार आहे. तेव्हा आठवड्यातला अर्धा दिवस बाग लोकांना बंद ठेवण्याचं कारण उरत नाही. तो दस्तूर या हुकमानं रद्द.

माझेच शब्द होते. नुसते उलटे करून लावले होते.

मी थांबले. काका म्हणाले, ‘पुढं?’

मी पुढचं सांगितलं. त्यांचा चेहरा जराही बदलला नाही.

‘बरं झालं. दोनी कामं एकदम झाली.’

‘तुम्हांला माहीत होतं?’ मी विचारलं. 

‘माहीत म्हंजे? खिडक्या पडल्यावर बायका आत कशा जातील? पाच वर्साच्या पोरीला कळंल ते.’ मग हुकमाची घडी करत ते म्हणाले, ‘आणि जायचं कशाला तिथं? काय नाचायचं हाय का?’

म्हणजे ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. दस्तूर आणि कोरी भिंत या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, एक गेली की दुसरी जाते, हे त्या मोहल्ल्यात जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नव्हतं. त्यांनी ते मला सांगितलं नाही, कारण विचारायची अक्कल मला नव्हती. नऊ वर्षं मी शिकत होते.

पुढच्या बेस्तरवारी आत्या नेहमीसारखी तयार झाली. तिला कुणीही काही सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी तिच्यामागून बोळात गेले. दिंडीला कुलूप होतं. आतून पुरुषांचे आवाज येत होते. माळीण कुसाला टेकून बसली होती. ती उठली आणि पदर सारखा करत म्हणाली, ‘आता न्हाई उघडायचं, अक्का. कचेरीचा हुकूम हाय. माज्या हातात काय न्हाई.’

तेवढ्यात खाला आल्या. बुरख्याच्या आत त्यांनी काहीतरी पोटाशी धरलं होतं. पेरू असणार, मागल्या वेळी त्याच हरल्या होत्या. त्या कुलूप बघत राहिल्या.

‘किसने करा ये?’ त्यांनी विचारलं.

मी तिथं उभी होते. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, त्यात जुळवायचं काही नव्हतं. दोनच शब्द, मी केलं. मी ते बोलले नाही. आत्या म्हणाली, ‘केलं असंल कुणीतरी,’ आणि वळली.

घरी काकूंनी तिला सांगितलं. पोळ्या लाटता लाटता, हसत. ‘तुमच्या लाडक्या भाचीनंच लिवून दिलं की, वन्सं. काय इंग्रजी, काय इंग्रजी. साहेब खूश झाला म्हणं.’

आत्या माझ्याकडे आली. मी माजघरात होते.

‘बेस्तरवारचंबी तूच लिवलंस?’

‘हो.’

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘मग परत लिव.’

मी परत लिहिलं. या खेपेला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि खर्डाही केला नाही. बायकांचा दिवस बायकांना न विचारता काढून घेतला आहे, पहिल्या अर्जातलं कारण बायकांनी दिलेलं नव्हतं, ते माझं होतं आणि ते चुकीचं होतं, असं लिहिलं. खाली माझी सही केली. माळणीनं तो कागद कचेरीत पोचवला. चार दिवसांनी तो परत आला, काकांच्या हातात. कुणीतरी सांगून धाडलं होतं की घरातल्या बाईच्या तक्रारी घरात मिटवाव्यात.

‘माझ्या घरची सही बाजारात फिरती,’ काका म्हणाले. ‘वाचणाऱ्यानं मला वाचून दाखवली. सगळ्यांच्या देखत.’ त्यांनी कागदाचा बोळा केला आणि कंदिलाची काच पुसायला घेतला. काच पुसून झाल्यावर त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. त्यानंतर दौत आणि टाक त्यांच्या पेटीत गेले.

दिवाळीच्या आधी खिडक्या पडल्या. गवंडी एकेक घर घेत चालला होता. आमची खिडकी माडीवरच्या बैठकीत पाडली, जिथं बायका फक्त झाडायला जात. माजघर होतं तसंच राहिलं, भर दुपारी दिवा लावावा लागे तसं. एका घरातही खिडकी बायका बसतात त्या खोलीला पडली नाही. खालांच्या घरी तर पडलीच नाही. गवंडी आला तेव्हा त्या भिंतीला पाठ लावून खाली बसल्या आणि दारोगांनी किती समजावलं तरी उठल्या नाहीत. शेवटी गवंडी टिकाव घेऊन पुढच्या घरी गेला. एवढी गोष्ट ऐकून मला त्या महिन्यात एकदा बरं वाटलं.

मग एका बेस्तरवारी दुपारी, काका तलवाड्याला गेलेले असताना, मी माडीवर गेले आणि त्या खिडकीत उभी राहिले. लपून नाही. पदर डोक्यावरून खाली घेऊन, दोन्ही हात चौकटीवर ठेवून. खाली चिंचेच्या सावलीत मोहल्ल्यातली माणसं पान खात बसली होती. पाट कोरडा होता. झोका कुणीतरी काढून टाकला होता. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मी लाजाळू आहे; लोकांकडे बघणं हे माझं आयुष्यभराचं काम आहे, फक्त ते मी पापण्यांच्या आडून करत आले होते. त्या दिवशी समोरून केलं. आधी एकानं वर पाहिलं, त्यानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. थोडा वेळ हसणं चाललं. ‘बे, वर बघ. मडम हवा खाती.’ मी हलले नाही. अर्ध्या घटकेनं हसणं थांबलं. मग त्यांना पाय कुठं ठेवावेत, हात कुठं ठेवावेत ते कळेनासं झालं. एकेक जण उठला. दारोगा सगळ्यांत शेवटी उठले, आणि त्यांनी वर बघितलंच नाही.

पुढच्या बेस्तरवारी मी पुन्हा उभी राहिले. त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या खेपेनंतर बागेतली ती माणसं काकांकडे आली. मी उंबऱ्याच्या आतच होते, सगळं ऐकू येत होतं. ‘पोरगी टक लावून बघती. आमी जायाचं कुठं?’ असं एक जण म्हणाला. खरोखर असंच म्हणाला.

ते गेल्यावर काकांनी मला हाक मारली. ‘ती खिडकी तुझ्यासाठी न्हाई.’

‘माझ्यासाठीच आहे, काका,’ मी म्हणाले. ‘अर्जात तसं लिहिलंय. बायकांना उजेड आणि हवा मिळावी म्हणून. साहेबांनी ते वाचून मंजूर केलंय.’

आजवर मी त्यांना एका वेळी एवढं बोलले नव्हते. त्यांनी हात उगारला नाही. ते उठून बाहेर गेले आणि दुसऱ्या दिवशी तोच गवंडी परत आला. खिडकी विटांनी बुजवली, वरून चुना फासला. आसपासच्या दोन घरांनीही आपापल्या बुजवल्या. तिथल्या सुनांनीही बघायला सुरुवात केली होती, असं मागाहून कळलं. आमच्या बोळातल्या भिंती पुन्हा जवळपास कोऱ्या झाल्या. मला वाटलं, आता तरी. भिंत आली की दस्तूर परत येईल.

आला नाही. हुकूम हुकमाच्या जागी होता. खिडकी बुजवायला गवंडी पुरला. दिंडी उघडायला पुन्हा अर्ज लागणार होता, आणि तो कुणी पुरुष देणार नव्हता.

मी आत्याला सांगितलं, खिडकी बंद करायला लावली त्यांना. ती भाजी चिरत होती.

‘बरं केलंस,’ ती म्हणाली. मग विळी आडवी केली आणि म्हणाली, ‘चल.’

मागच्या अंगणात ती तुळशीपाशी उभी राहिली. लुगड्याचा काचा आवळला. मला म्हणाली, ‘माझ्या बाजूला उभी राहा. खाला राहत्यात तशी.’ मी राहिले. ‘पळ,’ ती म्हणाली.

आमच्या अंगणात सात पावलं होतात. आठव्याला भिंत. आत्या सातव्या पावलाला भिंतीवर दोन्ही तळवे आपटून उभी राहिली, मी तिच्या मागे. तिला धापही लागली नव्हती. ती वळली आणि थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मी अजून पोचायची आहे अशी. मग तिनं तळव्यांना लागलेली पांढरी माती लुगड्याला पुसली आणि भिंतीच्या कडेनं आत गेली.